टीव्ही कुठून घ्यायचा? ऐकीव आणि खरं

टीव्ही घ्यायचा ठरला की प्रत्येक घरात एक तरी मामा किंवा भाऊजी निघतात, ज्यांना 'तिकडे' स्वस्त मिळतो हे ठाऊक असतं. हे 'तिकडे' बदलत राहतं. कधी ते दुबई असतं, कधी लॅमिंग्टन रोड, तर कधी कुठल्याशा ॲपवर रात्री बाराला सुरू होणारा सेल. कंपनी कोणती आणि इंच किती यावर घरात रीतसर वाद होतो. 'कुठून' हा प्रश्न मात्र ऐकीव माहितीवर निकालात निघतो. माझ्या मते किमतीतला फरक हल्ली सांगतात तेवढा उरलेला नाही. जो आहे तो बिलाच्या शेवटच्या ओळीत कळतो. आणि कुठून घेतला याचा खरा परिणाम जाणवतो तो टीव्ही घरी आल्यावर.

'ऑनलाइन नेहमी स्वस्तच पडतो'

ॲपवर ठळक दिसणाऱ्या आकड्यातून बऱ्याचदा ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डाची सूट, जुन्या टीव्हीची किंमत आणि एखादं कूपन आधीच वजा केलेलं असतं. ते कार्ड तुमच्याकडे नसेल आणि जुना टीव्ही गावच्या घरी न्यायचा असेल, तर तो आकडा तुमच्यासाठी नाही. त्याच्या वर खोडून दाखवलेली एमआरपी तर विसरूनच जावी. एमआरपी म्हणजे कमाल किंमत. त्याहून एक रुपया जास्त घेणं बेकायदा, कमी किती घ्यायचे ते विकणाऱ्याच्या मर्जीवर. मुळात कोणीच ज्या भावाला विकत नाही, त्या भावावर पन्नास टक्के सूट दाखवायला कोणाचं काय जातं?

दुकानातली पाटी ही उलट बोलणीची सुरुवात असते. कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारे आपण काचेच्या, एसी शोरूममध्ये शिरलो की एकदम सभ्य होतो. तिथे मॉडेल नंबर सांगावा, फोनवरचा भाव दाखवावा आणि विचारावं, 'भिंतीवर लावून, सगळं धरून शेवटचं किती?' महिनाअखेरीला विक्रीचा आकडा गाठायचा असेल तर मॅनेजरच्या हातात थोडं सोडायला असतं. पैसे कमी होत नसतील तर भिंतीवरचा स्टँड फुकट मिळतो. ऑनलाइन खरेदीत याच स्टँडचे पैसे पुष्कळदा लावायला आलेला माणूस वेगळे मागतो.

तुलना करताना मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. काही कंपन्या ऑनलाइनसाठी आणि दुकानांसाठी वेगळी मॉडेलं काढतात. दिसायला जुळी भावंडं, पण एकाला एचडीएमआयची जागा कमी किंवा आवाजाचे वॉट कमी. शेवटची दोन अक्षरं वेगळी असतील तर आपण दोन निरनिराळ्या टीव्हींचे भाव पाहतोय.

'डोळ्यांनी बघून घेतलेला बरा'

बघावं जरूर. फक्त दुकानात डोळ्यांना काय दाखवलं जातं हे माहीत असावं. तिथे छतभर झगझगीत दिवे असतात, आणि त्यांच्यापुढे टिकायचं म्हणून टीव्ही दुकानासाठीच्या खास मोडवर ठेवलेला असतो: उजेड कमाल, रंग भडक. त्यावर चालू असते कंपनीने दिलेली फोर-केमधली चित्रफीत. मोराचा पिसारा, स्वित्झर्लंडचा डोंगर, कापलेलं कलिंगड. घरी आपण बघणार सेट-टॉप बॉक्सवरून येणारी संध्याकाळची मालिका, तीही ट्यूबलाइट लावून. साध्या दर्जाचं चॅनेल मोठ्या फोर-के पडद्यावर ताणलं की चेहरे धुरकट दिसतात, आणि एखादा टीव्ही ते किती सांभाळून घेतो हाच आपल्या घरापुरता महत्त्वाचा प्रश्न असतो. मोराला बघून त्याचं उत्तर मिळत नाही.

म्हणून विक्रेत्याला सांगावं, चित्र 'स्टँडर्ड' किंवा 'मूव्ही'वर आणा आणि एखादं साधं चॅनेल लावा. नसेल तर पेनड्राइव्हमध्ये घरच्या लग्नाचा व्हिडिओ नेऊन लावावा, नातेवाइकांच्या चेहऱ्याचा खरा रंग आपल्याला पाठ असतो. मग बाजूला सरकून तिरकं बघावं. आपल्या दिवाणखान्यात एकजण समोर, दोघं सोफ्याच्या टोकाला आणि आजी स्वयंपाकघराच्या दारात असते. काही पॅनल तिरक्या कोनातून पाहिल्यावर फिके पडतात. हे कुठल्याही ॲपवरच्या फोटोत कळत नाही. दुकानात जायचं ते यासाठी.

आणखी एक फसगत आकाराची. दुकानाच्या प्रशस्त हॉलमध्ये ५५ इंचांचा टीव्ही मध्यम वाटतो. ५५ हे कर्णाचं माप. प्रत्यक्षात त्याची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर भरते, ४३ इंचांच्या टीव्हीची सुमारे ९५. घरून भिंतीचं माप घेऊन निघावं. लिफ्टचंही.

दुकानात तासभर घालवून, विक्रेत्याचं डोकं खाऊन मग खाली उतरता उतरता फोनवर ऑर्डर देणारे लोक मी पाहिले आहेत. हजार-पाचशेसाठी हे करावं का, ज्याचं त्याने ठरवावं. मला ते बरं वाटत नाही.

'कच्च्या बिलावर घेतला की जीएसटी वाचतो'

हा गैरसमज सर्वांत महागात पडणारा. आधी कराचं बघू. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्यांवरचा २८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला. त्या नवरात्रात 'जीएसटी दहा टक्के उतरला, टीव्ही दहा टक्के स्वस्त' असं सगळीकडे ऐकू आलं. हिशेब तसा होत नाही. १२८ रुपयांची वस्तू ११८ला मिळू लागली, म्हणजे उतार पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. ५० हजारांचा टीव्ही ४६ हजार १००च्या जवळ यायला हवा होता, ४५ हजारांवर नव्हे. आणि ३२ इंचांच्या टीव्हीवर ज्याने 'जीएसटी कमी झाल्याची सूट' लावली, त्याने आपल्याच नफ्यातली सूट सरकारच्या नावावर दिली.

आता कच्चं बिल. पक्क्या बिलावर टीव्हीचा अनुक्रमांक, तारीख आणि विकणाऱ्याचा जीएसटी नंबर असतो. कंपनीची वॉरंटी मोजली जाते ती या तारखेपासून. चिठोऱ्यावर 'एलईडी ४३, मिळाले' असं लिहून घेतलं तर कंपनीच्या लेखी तुम्ही तो विकत घेतलेलाच नाही. पॅनल गेला तर तो बदलण्याचा खर्च नव्या टीव्हीच्या किमतीच्या जवळपास जातो, तेव्हा वाचवलेला कर आठवतो.

कच्च्या बिलाचा सल्ला बहुधा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीच्या नावानं दिला जातो. तो या बाजारांवरही अन्याय आहे. सुटे भाग, वायरी, रिमोट, दुरुस्तीचं सामान यांसाठी ते नावाजलेले आहेत आणि पक्कं बिल देणारी जुनी दुकानंही तिथे आहेत. सांभाळायचं ते नामवंत कंपनीसारखं वाटेल अशा नावाच्या, कुठेतरी जुळवलेल्या 'स्मार्ट' टीव्हीपासून. त्यात अँड्रॉइड असतं, पण गुगलची मान्यता नसते, मग एखादं ओटीटी ॲप चालतच नाही. टीव्हीच्या मागे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर' अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक असायला हवा. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दुकानात उभ्या उभ्या कळतं.

'हप्त्यांवर घेतला तरी व्याज लागत नाही'

व्याज कोणीतरी भरतंच. शून्य टक्के व्याज ही मुळात अस्तित्वात नसलेली गोष्ट आहे, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. त्यानंतर नाव बदलून 'नो कॉस्ट' झालं. क्रेडिट कार्डावर साधारण असं चालतं: व्याजाइतकी सूट किमतीत आधी दिली जाते आणि मग बँक तेवढंच व्याज हप्त्यांतून घेते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि प्रोसेसिंग फी वेगळी. व्याज ३ हजार धरलं तर ५४० रुपये कराचे, वर फी. रक्कम मोठी नाही, पण 'काहीच नाही' असंही नाही.

दुकानात काउंटरवरच कर्ज देणारा फायनान्सवाला बसलेला असतो. त्याच्याकडे वळण्याआधी दुकानदाराला एकच विचारावं: रोख दिले तर किती? ४८ हजारांचा टीव्ही रोखीत ४५ला मिळत असेल, तर चार हजारांच्या बारा हप्त्यांमध्ये व्याज किती ते तुमचं तुम्हाला कळलं.

'नाही आवडला तर परत करू'

टीव्हीच्या बाबतीत बहुतेक ॲपवर दोष असेल तरच आणि तोही बदलून, अशी अट असते. 'रंग मनासारखे नाहीत' हा दोष धरत नाहीत. दोष आहे की नाही हे ठरवायला आधी तंत्रज्ञ येतो. दिवस मोजले जातात खोका दारात आल्यापासून, भिंतीवर चढल्यापासून नव्हे. रंगकाम चालू आहे म्हणून टीव्ही पंधरवडाभर पलंगाखाली ठेवला, तर मुदत पलंगाखालीच संपते.

कंपनीचा माणूस येईपर्यंत खोका उघडू नये. तडा गेलेला पॅनल वॉरंटीत बसत नाही, आणि तडा वाटेत गेला की आपल्या हातून, हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं. समोर उघडून दाखवणारी डिलिव्हरी मिळत असेल तर तीच घ्यावी, टीव्ही चालू करून पाहिल्याशिवाय ओटीपी देऊ नये, आणि खोका उघडताना मुलाला व्हिडिओ काढायला उभं करावं.

मात्र माल सदोष असेल किंवा वर्णनाशी जुळत नसेल, तर 'आमच्या नियमात बसत नाही' म्हणून हात झटकता येत नाहीत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार असा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं.

'ओळखीचा दुकानदार बघून घेईल'

हा अर्धा खरा आहे, म्हणून जपून बोलावं. पुण्या-मुंबईत ओळखीला फारसा अर्थ उरलेला नाही. टीव्ही कुठूनही घ्या, बिघडल्यावर कंपनीच्या त्याच नंबरवर फोन करायचा आणि त्याच केंद्रातून माणूस येणार. 'ऑनलाइनवाल्याला कंपनी विचारत नाही' हीदेखील अफवाच, अधिकृत विक्रेत्याचं बिल असलं की पुरे. ॲपवर विकणारा कोण आहे ते नाव मात्र वाचावं. ॲप एकाचं आणि विक्रेता भलताच, असं सर्रास असतं.

तालुक्याच्या गावी चित्र बदलतं. तिथे तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतो आणि त्या बाजूची तीन-चार कामं साठली की मगच निघतो. अशा वेळी कंपनीचा माल नियमित उचलणाऱ्या स्थानिक दुकानदाराच्या फोनला वजन असतं. शिवाय त्याला उद्या बाजारात तुमचं तोंड बघायचं असतं. त्याच्याकडे हजार-दीड हजार जास्त गेले तर मी ते वाया गेले म्हणणार नाही. पण विचारून घ्यावं: या कंपनीचा माणूस आपल्याकडे कुठून येतो? दुकानदार गडबडला तर समजा कोणी येत नाही. मग कंपनी बदला किंवा दुकान.

ऑनलाइन विक्रेता बंगळूरचा किंवा गुडगावचा म्हणून भांडायला तिकडे जावं लागेल, ही भीतीही जुनी झाली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.

'दुबईहून आणलेला अस्सल'

रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत आखाताशी नातं असलेल्या घरांत हा समज अजून टिकून आहे, आणि एके काळी त्यात तथ्यही होतं. सामानातून टीव्ही आणण्यावरची सवलत २६ ऑगस्ट २०१३ पासून काढली गेली आणि सगळं मिळून ३६.०५ टक्के शुल्क लागू झालं. तिथून तो सौदा तोट्यात गेला. वॉरंटी बहुधा त्या देशापुरती, त्यामुळे इथला तंत्रज्ञ हात लावताना पैसे मागणार. अस्सलपणाचं म्हणाल, तर पॅनल दोन्हीकडे बाहेरून येतो आणि आपल्याकडचे टीव्ही बव्हंशी इथेच जुळतात. जुलै २०२० पासून तर तयार रंगीत टीव्हीच्या आयातीला परवाना लागतो.

'दसऱ्यालाच घ्यावा, तेव्हा भाव सर्वांत कमी'

सवलती घटस्थापनेच्या आसपासच सुरू होतात आणि दसऱ्यापर्यंत चांगली मॉडेलं संपलेली असू शकतात. नवी मॉडेलं उन्हाळ्याच्या सुमारास येऊ लागली की मागच्या वर्षीची भराभर उतरतात, आणि वर्षभरात चित्रात डोळ्यांना दिसेल असा फरक क्वचितच पडतो. मुहूर्ताच्या दिवशी आणखी एक अडचण असते: टीव्ही मिळतो, लावणारा मिळत नाही, कारण त्याच दिवशी अख्ख्या शहराला तो हवा असतो. आठवडाभर आधी घेऊन, लावून, दोन मालिका आणि एक मॅच बघून खात्री करून घ्यावी. झेंडूचा हार दसऱ्याला घालावा, आणि तो घालताना रिमोट सेन्सर झाकू नये, नाहीतर टीव्ही बिघडला म्हणून सणाच्या दिवशी पहिला फोन दुकानदाराला जातो.