एकोणतिसाचा पाढा आणि हॅस्केल

साठी उलटल्यावर नवी विद्या कशास, असें कळंबसारख्या गांवीं निवृत्त माणसास हटकून विचारलें जातें. संगणकाची भाषा म्हणतांच तर वडील मंडळी ती मुलांवर सोपवून मोकळी होतात. खरी अडचण वयाची नसून नातवंडांदेखत चुकण्याच्या संकोचाची असते.

अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचें नांव धारण करणाऱ्या ‘हॅस्केल’ भाषेचें पहिलें विवरण १९९० सालीं प्रसिद्ध झालें. तींतील कार्यक्रम मुख्यतः नियमांचा बनतो. नियमास तेंच मूल्य दिलें कीं उत्तर तेंच. तिच्या ‘जीएचसीआय’ या साधनांत एक ओळ लिहावी आणि उत्तर तत्काळ पाहावें. ‘एकोणतिसानें गुण’ हा नियम एक ते दहा या यादीस लावला कीं २९, ५८, ८७ असा २९० पर्यंत पाढा उभा राहतो. तोच पाढा बेरजेच्या नियमाकडे सोपवावा, १५९५ येतात. व्याकरणांतील रूपसिद्धीही अशीच एका सूत्राचें फळ दुसऱ्यास देत पुढें जाते. यादीस शेवट न ठेवतां पहिलीं पांचच पदें मागावींत. तेवढीं देऊन यंत्र थांबतें. संख्येंत शब्द मिळवूं गेल्यास गणित आरंभण्यापूर्वींच तें अडवितें.

प्रत्येक ओळीपूर्वीं उत्तराचें अनुमान करावें, मग पडताळावें. चुकल्यास छडी नाहीं, उपहास नाहीं. पाढे मुखोद्गत असलेले आजोबा आणि कळफलक जाणणारा नातू यांनीं रोज अशीं तीन-चार उदाहरणें एकत्र करावींत. दोघांसही गुरु घरींच लाभेल.