पुरुषांच्या छातीवरील मेद आणि स्तनग्रंथीची वाढ : भेद व निदान

बीजशब्द : पुरुषस्तनवृद्धी, मेद, ग्रंथीय ऊती, संप्रेरके, स्पर्शपरीक्षा

प्रस्तावना

पुरुषाच्या छातीचा भाग स्त्रीच्या स्तनाप्रमाणे उंचावलेला दिसणे ही गोष्ट समाजात जितकी सर्रास आढळते तितकीच ती लपविली जाते. पौगंडावस्थेतील मुलगा सैल सदरे घालू लागतो, खांदे पुढे झुकवून चालतो, पोहण्याचे टाळतो. घरच्यांना मात्र त्याच्या या वागण्याचे कारण बहुधा कळत नाही. पोट वाढले तर 'पोट सुटले' असे म्हणण्याची सोय मराठीत आहे आणि त्यात फारशी नामुष्कीही मानली जात नाही. छातीच्या बाबतीत असा निरुपद्रवी शब्दप्रयोग उपलब्ध नाही. जे शब्द आहेत ते चेष्टेचे आहेत. परिणामी ज्या प्रश्नाची चर्चाच होत नाही त्याचे उत्तरही एकच ठरून जाते : 'वजन कमी कर, व्यायाम कर.'

हे उत्तर काही जणांच्या बाबतीत अचूक असते, तर काहींच्या बाबतीत पूर्णतः चुकीचे. कारण बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या उंचवट्याखाली दोन भिन्न प्रकारच्या ऊती असू शकतात. एक म्हणजे केवळ साठलेला मेद. दुसरी म्हणजे प्रत्यक्ष वाढलेली स्तनग्रंथी. पहिल्या स्थितीस 'आभासी' तर दुसरीस 'खरी' पुरुषस्तनवृद्धी असे म्हणता येईल. वैद्यकशास्त्रात दुसरीस 'गायनॅकोमॅस्टिया' ही ग्रीक मुळाची संज्ञा रूढ असून तिचा अर्थ 'स्त्रीसारखा स्तन' असा होतो. या दोन स्थितींमधील भेद कसा ओळखला जातो आणि तो ओळखणे का आवश्यक आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पुरुषाच्या शरीरातील स्तनग्रंथी

पुरुषाला स्तनग्रंथी नसते हा समज मुळातच चुकीचा आहे. जन्मतः मुलगा व मुलगी या दोघांच्याही स्तनाग्रांखाली नलिकांची प्राथमिक रचना असते. मुलीच्या बाबतीत वयात येताना इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने तिचा विकास होतो. मुलाच्या बाबतीत टेस्टोस्टेरॉनचे आधिक्य तिला वाढू देत नाही. म्हणजेच पुरुषातील स्तनग्रंथी ही नाहीशी झालेली नसते, केवळ सुप्त असते. इस्ट्रोजेनचा परिणाम वाढला, टेस्टोस्टेरॉनचा परिणाम घटला किंवा दोन्ही एकाच वेळी घडले, की ती वाढू लागते. येथे एखाद्या संप्रेरकाच्या निव्वळ प्रमाणापेक्षा दोहोंमधील तोल अधिक महत्त्वाचा ठरतो.

हा तोल आयुष्यात तीन वेळा स्वाभाविकपणेच ढळतो. पहिली वेळ जन्मानंतरची. मातेच्या संप्रेरकांच्या प्रभावामुळे ६० ते ९० टक्के नवजात बालकांत स्तनाग्राखाली लहानशी गाठ लागते व क्वचित दुधासारखा स्रावही येतो. आपल्याकडे बाळाला न्हाऊमाखू घालताना हा 'चीक' पिळून काढण्याची रूढी काही घरांतून अद्यापि आढळते. ती त्याज्य होय. कारण पिळण्यामुळे तेथे जंतुसंसर्ग होऊन गळू होण्याची भीती असते, आणि न पिळताही ती गाठ काही आठवड्यांत आपोआप विरते. दुसरी वेळ पौगंडावस्थेची. साधारणतः १२ ते १४ वर्षांच्या दरम्यान निम्म्या किंवा त्याहून अधिक मुलांत थोडीबहुत ग्रंथीवाढ होते आणि त्यांपैकी बहुसंख्यांत ती सहा महिने ते दोन वर्षांत ओसरते. तिसरी वेळ उतारवयाची. पन्नाशीनंतर टेस्टोस्टेरॉन घटत जाते, शरीरातील मेद वाढतो आणि औषधांची संख्याही वाढते.

स्पर्शपरीक्षा : निदानाचा मुख्य आधार

मेद आणि ग्रंथी यांतील भेद आरशात पाहून किंवा छायाचित्रावरून ठरविता येत नाही. स्थूल व्यक्तीत ग्रंथी मेदाखाली दडलेली असू शकते, तर सडपातळ तरुणात रुपयाच्या नाण्याएवढी ग्रंथीही सदऱ्यावरून उठून दिसते. भेद ठरतो तो स्पर्शाने, आणि त्याची पद्धत साधी असली तरी ती नेमकेपणाने अवलंबावी लागते.

तपासल्या जाणाऱ्या व्यक्तीस पाठीवर उताणे झोपवून हात डोक्याखाली ठेवण्यास सांगितले जाते. या स्थितीत छातीवरील मेद दोन्ही बाजूंना पसरतो. तपासणारा डॉक्टर अंगठा व तर्जनी उंचवट्याच्या दोन विरुद्ध बाजूंना ठेवून ती सावकाश स्तनाग्राच्या दिशेने एकमेकांजवळ आणतो. केवळ मेद असल्यास बोटे अडत नाहीत. मऊ, दबणारा भाग चिमटीत येतो आणि बोटे थेट स्तनाग्रापर्यंत पोहोचतात. ग्रंथी असल्यास मात्र स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेला किंवा त्याआधीच बोटांना अडथळा जाणवतो. रबरासारखी घट्ट, थोडीशी हलणारी, स्तनाग्राशी समकेंद्री अशी चकती हाताला लागते. तिचा आकार सदऱ्याच्या बटणाएवढा असू शकतो, पेढ्याएवढा असू शकतो किंवा त्याहूनही मोठा. शंका राहिल्यास त्याच व्यक्तीच्या काखेच्या पुढच्या घडीतील मेद चिमटीत धरून तुलना केली जाते. मेदाचा स्पर्श दोन्हीकडे सारखाच लागतो. ग्रंथीचा स्पर्श वेगळा पडतो. तुलनेचे माप त्या व्यक्तीच्या शरीरातच उपलब्ध असणे हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

याशिवाय काही पूरक खुणा आहेत. वाढीच्या सुरुवातीच्या काळात ग्रंथी दुखरी असते, सदऱ्याच्या घर्षणानेही ती हुळहुळते. मेद दुखत नाही. मेद बहुधा दोन्ही बाजूंना सारखा असतो, तर ग्रंथीची वाढ एकाच बाजूला किंवा दोन्हीकडे कमीअधिक असू शकते. वजन घटल्यावर मेद कमी होतो. ग्रंथी होत नाही. किंबहुना भोवतालचा मेद गेल्यामुळे ती अधिकच उठून दिसू लागते. 'इतका व्यायाम केला तरी छाती तशीच' अशी तक्रार करणाऱ्या तरुणाकडे चिकाटीचा अभाव आहे असे समजणाऱ्यांनी ही शक्यता अवश्य ध्यानात घ्यावी.

तिसरी शक्यता कर्करोगाची. पुरुषांतील स्तनाचा कर्करोग दुर्मीळ असून स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी सुमारे १ टक्का रुग्ण पुरुष असतात. तथापि गाठ रबरासारखी नसून कठीण असेल, स्तनाग्राच्या मध्याशी न राहता एका बाजूला असेल, खालच्या ऊतींना चिकटलेली असेल, त्यावरील त्वचेला खळगा पडला असेल, स्तनाग्र आत ओढले गेले असेल, रक्तमिश्रित स्राव येत असेल किंवा काखेत गाठी असतील, तर वेळ न दवडता पुढील तपासण्या करणे भाग असते. अशा संदिग्ध गाठीसाठी २५ वर्षांखालील पुरुषांत सोनोग्राफीने आणि त्यापुढील वयात मॅमोग्राफीने प्रारंभ करण्याचा प्रघात आहे. मॅमोग्राफीच्या चित्रात मेद काळसर आणि ग्रंथी स्तनाग्रामागे ज्योतीच्या आकारात पांढरी उमटते. स्पर्शपरीक्षेत चित्र स्पष्ट असेल तर प्रत्येकाची अशी प्रतिमाचाचणी करण्याची गरज नसते, ही बाब आजच्या चाचणीबहुल काळात मुद्दाम नमूद करावीशी आहे.

मेद आणि ग्रंथी : एक गुंतागुंत

येथवरच्या विवेचनावरून या दोन स्थिती परस्परांपासून सर्वस्वी विलग आहेत असे वाटणे शक्य आहे. वस्तुतः तसे नाही. मेदाच्या ऊतींमध्ये ॲरोमॅटेज नावाचे विकर असते आणि ते टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी संप्रेरकांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. मेद जितका अधिक तितके हे रूपांतर अधिक. अर्थात मेद हा निष्क्रिय साठा नसून तो स्वतःच संप्रेरकांच्या तोलावर परिणाम करणारा घटक आहे. त्यामुळे पुष्कळ स्थूल पुरुषांत आभासी आणि खरी अशा दोन्ही प्रकारची वाढ एकत्र आढळते. 'मेद की ग्रंथी?' या प्रश्नाला 'दोन्ही' हे उत्तर असू शकते. अशा वेळी कोणाचा वाटा किती, हे ठरवावे लागते.

याउलट कुपोषणातून सावरतानाही ग्रंथी वाढू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर मुक्त झालेल्या उपाशी युद्धकैद्यांना पुरेसा आहार मिळू लागल्यावर त्यांच्यापैकी काहींत स्तनवृद्धी झाल्याचे डॉक्टरांच्या निदर्शनास आले. उपासमारीत मंदावलेले वृषणांचे कार्य पुन्हा सुरू होत असताना जणू पौगंडावस्थेचीच पुनरावृत्ती घडते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

भेद का महत्त्वाचा

केवळ मेद असल्याचे निश्चित झाले तर प्रश्न आहार, व्यायाम आणि एकूण स्थूलतेचा राहतो. ग्रंथी असल्याचे आढळले तर मात्र 'ती का वाढली?' हा पुढचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तोच खरा महत्त्वाचा आहे. पौगंडावस्थेत त्याचे उत्तर बहुधा निरुपद्रवी असते. अन्य वयात मात्र ग्रंथीची वाढ ही दुसऱ्याच एखाद्या विकाराची पहिली दृश्य खूण असू शकते. यकृताचा सिऱ्हॉसिस, मूत्रपिंडे निकामी होणे, थायरॉईडचे आधिक्य, वृषणांची दुर्बलता ही त्यांतील प्रमुख कारणे होत. औषधांची यादी तर लांबलचक आहे : स्पायरोनोलॅक्टोन, सिमेटिडिन, किटोकोनॅझोल, पुरःस्थ ग्रंथीच्या विकारांवरील फिनास्टेराइड व बायकॅल्युटामाइड, मनोविकारांवरील रिस्पेरिडोन, एचआयव्हीच्या उपचारातील एफाव्हिरेन्झ. म्हणूनच डॉक्टरकडे जाताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत नेणे श्रेयस्कर.

तरुणांच्या बाबतीत दोन कारणांची विशेष दखल घ्यावी लागते. पहिले वृषणातील अर्बुद. काही अर्बुदे एचसीजी हे संप्रेरक निर्माण करतात. गर्भधारणेच्या चाचणीत ज्याचा शोध घेतला जातो तेच हे संप्रेरक! त्याच्या प्रभावाने इस्ट्रोजेन वाढते आणि वृषणातील गाठ लक्षात येण्यापूर्वीच छाती वाढलेली दिसते. वृषणाचा कर्करोग वेळेवर ओळखला गेल्यास बहुतांशी बरा होतो. यास्तव ग्रंथीवाढ आढळलेल्या तरुणाच्या वृषणांची तपासणी न करणे ही गंभीर त्रुटी होय. तपासणारा आणि तपासला जाणारा या दोघांचाही संकोच येथे आड येतो, हे दुर्दैव. दुसरे कारण क्लाइनफेल्टर स्थितीचे. १९४२ साली वर्णिलेल्या या स्थितीत पुरुषाच्या पेशींत एक जादा एक्स गुणसूत्र असते. वृषणे लहान व घट्ट असतात आणि अनेकांना विवाहानंतर अपत्य न झाल्यावरच तिचा पत्ता लागतो. किशोरवयात कोणी हात लावून तपासले असते तर निदान कितीतरी वर्षे आधी झाले असते.

काळ आणि उपचार

ग्रंथीवाढीच्या पहिल्या काही महिन्यांत नलिकांची वाढ सक्रिय असते व त्या भोवतालचा भाग सुजलेला, सैल असतो. साधारण वर्षभरानंतर तेथे तंतुमय ऊती निर्माण होतात. टॅमॉक्सिफेनसारख्या औषधांचा उपयोग होतो तो पहिल्या अवस्थेतच. तंतुमय झालेली ग्रंथी औषधाने विरत नाही. म्हणून 'कधीपासून?' हा प्रश्न 'किती मोठी?' या प्रश्नाइतकाच मोलाचा आहे. मेदावर तर या औषधाचा काहीच उपयोग नाही, आणि वैद्यकीय देखरेखीवाचून ते घेणे धोक्याचे आहे.

शस्त्रक्रियेचा इतिहास जुना आहे. इसवी सनाच्या सातव्या शतकातील पॉल ऑफ एजिना या वैद्याने पुरुषाच्या वाढलेल्या स्तनाखाली अर्धचंद्राकृती छेद घेऊन ती काढण्याची रीत लिहून ठेवली आहे. वाढीचा आकार आणि त्वचेचा सैलपणा यांवर आधारित, आजही वापरले जाणारे वर्गीकरण सायमन व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मांडले. मेद नळीवाटे शोषून काढता येतो. घट्ट ग्रंथी मात्र सहसा छेद घेऊनच काढावी लागते. मेद समजून केवळ शोषणाची शस्त्रक्रिया केल्यास स्तनाग्राखालील उंचवटा शिल्लक राहतो. उलटपक्षी ग्रंथी पूर्ण खरवडून काढल्यास तेथे बशीसारखा खळगा पडतो. म्हणून स्तनाग्राखाली तिचा पातळ थर जाणीवपूर्वक ठेवला जातो. पौगंडावस्थेतील वाढ आपोआप ओसरण्याची शक्यता असल्याने मुलांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची घाई केली जात नाही.

महाविद्यालयीन संदर्भ

महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थी १६-१७ वर्षांचा असतो. पौगंडावस्थेतील ग्रंथीवाढ तोवर बहुतेकांत ओसरलेली असते. ज्यांच्यात ती टिकून राहते त्यांच्यात ती पुढे आपोआप जाण्याचा संभव कमी असतो. याच वयात राष्ट्रीय छात्र सेना, क्रीडा आणि सैन्यभरतीची तयारी यांनिमित्त अंगावरचा सदरा उतरविण्याचे प्रसंग येतात. सैन्यदलांच्या वैद्यकीय तपासणीत या स्थितीची नोंद घेतली जात असल्याने भरतीच्या दिवशी प्रथमच हे कळणे विद्यार्थ्याला महाग पडते.

व्यायामशाळांतून दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांचा प्रश्न याहून बिकट आहे. शरीर कमावण्यासाठी घेतलेल्या ॲनाबॉलिक स्टेरॉइडपैकी काहींचे शरीरात इस्ट्रोजेन बनते. बाहेरून पुरवठा होत असल्याने वृषणांचे स्वतःचे कार्य मंदावते, आणि इंजेक्शने थांबविल्यावर टेस्टोस्टेरॉन एकदम खाली येते. पिळदार शरीराच्या तरुणाची स्तनग्रंथी वाढलेली आढळते ती यामुळे. तो ही गोष्ट शिक्षकाजवळ सहसा बोलत नाही, डॉक्टरजवळही इंजेक्शनांचा उल्लेख टाळतो आणि त्याच व्यायामशाळेतून मिळालेल्या गोळ्या घेत राहतो. शारीरिक शिक्षणाच्या अथवा छात्र सेनेच्या प्राध्यापकाला निदान करावयाचे नसते. विद्यार्थ्याला चारचौघांत न बोलता बाजूला घेणे आणि जिल्हा रुग्णालयातील किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सा विभागाकडे जाण्यास सांगणे त्याला शक्य असते. तेथे जाताना वाढ केव्हा सुरू झाली, दुखते का, एका बाजूला आहे की दोन्ही, वजनात किती फरक पडला आणि कोणती औषधे वा इंजेक्शने घेतली, एवढे एका कागदावर लिहून नेल्यास तपासणीचे निम्मे काम होते.