हिरव्या पट्ट्यातला तडा

धरणाच्या सुरक्षिततेची चर्चा निघाली की हल्ली एक रंगीत चित्र पुढे येते. भिंतीचा उभा छेद, त्यावर निळे, हिरवे, पिवळे पट्टे आणि एखाद्या कोपऱ्यात लालभडक ठिपका. बाभुळगाव तालुक्यात खडक सावंगा येथे बेंबळा नदीवर मोठे धरण आहे. तिथल्या माणसाने असे चित्र पाहिले तर त्याची नजर आधी लाल रंगावर जाणार आणि पोटात गोळा येणार, यात नवल नाही. पण लाल रंगाचा अर्थ एवढाच की या चित्रातली सर्वांत मोठी किंमत तिथे आहे. ती किंमत भिंतीला पेलवणारी आहे की नाही, हे रंगावरून कळत नाही. ते ठरते पट्ट्यांच्या सीमा कोणी आणि कुठे आखल्या यावरून. या सीमा सॉफ्टवेअरच्या मर्जीवर सोडू नयेत, त्या बांधकामाच्या ताकदीवरून आखाव्यात, असे माझे ठाम मत आहे. त्याचा पुरावा शोधायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला आणि 103 मीटर उंचीच्या धरणाला दोन्ही अंगांनी आडवे तडे गेले. माथ्यापासून सुमारे 36 मीटर खाली, जिथे भिंतीचा खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, त्या पातळीच्या आसपास हे तडे होते. बर्कलीचे अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांनी 1973 साली फायनाईट एलिमेंट पद्धतीने याचे गणित प्रसिद्ध केले. भिंतीचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यातला ताण काढायचा, ही ती पद्धत. तिला हे नाव देणारे रे क्लफ हे बर्कलीचेच. उत्तर असे आले की त्या पातळीवर ओढीचा ताण पाण्याकडच्या अंगाला 4 मेगापास्कलच्या वर, तर खालच्या अंगाला 6 च्या वर गेला होता. तिथल्या काँक्रीटची ओढ सोसण्याची ताकद अंदाजे 2.4 होती. कागदावर जिथे ताण सर्वांत जास्त निघाला, तिथेच प्रत्यक्षात भिंत तडकलेली होती. म्हणून आजही कोयना हे जगभरच्या अभियंत्यांचे सरावाचे उदाहरण आहे, अबॅकस या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या उदाहरणांतही ते आहे.

आता हेच आकडे रंगवून पाहू. शून्य ते 6 मेगापास्कल, बारा पट्टे, म्हणजे एक पट्टा अर्ध्या मेगापास्कलचा. निळ्यापासून लालपर्यंतच्या नेहमीच्या रंगक्रमात काँक्रीटची ताकद पाचव्या पट्ट्यातच संपते, आणि तो पट्टा असतो हिरवट. पाण्याकडचे अंग ताकदीच्या दीडपटीहून अधिक ताणलेले, पण चित्रात ते फार तर पिवळे दिसेल. लाल रंग मिळेल तो फक्त उतार बदलतो त्या कोपऱ्याला. त्यातही एक मेख आहे. असा आत वळलेला टोकदार कोपरा असला की तुकडे जितके बारीक कराल तितका तिथला ताण गणितात वाढतच जातो. कमाल आकडा फुगला की सॉफ्टवेअर पट्टेही रुंद करते आणि उरलेली सगळी भिंत निळाईकडे सरकते. गणित अधिक काटेकोर केले आणि चित्र अधिक निर्धास्त झाले, असा उलटा प्रकार घडतो.

संगणक येण्यापूर्वी पट्टे असे हवे तसे रुंद-अरुंद करण्याची सोय नव्हती, आणि ते एका अर्थी बरे होते. डेव्हिड ब्रूस्टर यांनी 1816 च्या सुमारास पाहिले की दाबलेल्या काचेतून ध्रुवित प्रकाश सोडला तर तिच्यात रंगांचे पट्टे उमटतात. पुढे अभियंते पारदर्शक पदार्थाचे नमुने कापून, त्यांच्यावर भार देऊन हे पट्टे मोजू लागले. किती सुंदर प्रयोग आहे हा! ताण एरवी डोळ्यांना दिसत नाही, इथे तो स्वतःच आपला नकाशा काढतो. एका पट्ट्यामागे ताणात किती फरक, हे नमुन्याचा पदार्थ, त्याची जाडी आणि प्रकाश ठरवत. चित्र आकर्षक दिसावे म्हणून ते बदलता येत नसे.

एमआयटीचे सस्मन आणि बाथे यांनी 1986 साली याच पट्ट्यांना संगणकावर एक नवे काम दिले, आणि त्याची आठवण फार थोड्यांना असते. फायनाईट एलिमेंटच्या नेहमीच्या गणितात शेजारच्या दोन तुकड्यांची हालचाल जुळते, पण ताण जुळतोच असे नाही. सॉफ्टवेअर सहसा सीमेवरची सरासरी काढून ही फट बुजवते. या दोघांनी सरासरी न काढता पट्टे काढायला सांगितले. पट्टा तुकड्याच्या सीमेवर तुटून वरखाली सरकला, तर तिथली तुकड्यांची जाळी भरड आहे. तो सलग गेला, तर उत्तर बऱ्यापैकी भरवशाचे. एकाच नजरेत उत्तर आणि उत्तराची विश्वासार्हता, दोन्ही!

यावर आक्षेप येतो की खऱ्या सलग भिंतीत ताण असा उड्या मारत नाही, म्हणून सरासरीच सत्याच्या जवळची. हे बरोबर आहे, आणि अंतिम आकडा सरासरीतून घ्यायला हरकत नाही. पण सरासरी आधीच काढली तर चूक किती होती हे पाहायचे साधनच हातचे जाते. दुसरा आक्षेप असा की सीमा ताकदीवर बांधल्या तर कमाल ताण लपेल. त्यावर उपाय सोपा आहे: ताकदीपलीकडच्या भागाला वेगळा, पट्ट्यांत न बसणारा रंग द्यावा आणि कमाल आकडा शेजारी छापावा. आकडेच बोलतात, चित्र केवळ दाखवायला, असे म्हणणारेही भेटतात; पण बैठकीत निर्णय घेणाऱ्यांपैकी बहुतेकजण चित्रच बघतात.

बेंबळ्याच्या मातीच्या भरावाचे चित्र तर आणखी वेगळे वाचावे लागते. काँक्रीटसारखी ओढ माती सोसत नाही. तिथे प्रश्न असतो मुरलेल्या पाण्याचा. अशा भरावातल्या पाण्याच्या दाबाचे पट्टे काढले तर पाण्याखालच्या तळाशी लाल येणारच, कारण खोलीबरोबर दाब वाढतो. त्या लालमध्ये घाबरण्यासारखे काही नाही. बघायचे ते खालच्या बाजूच्या पायथ्याशी, तेही पाण्याची एकूण पातळी दाखवणाऱ्या पट्ट्यांत. झिरपणारे पाणी बाहेर पडते तिथे हे पट्टे अरुंद होऊन एकमेकांना चिकटत असतील, तर थोड्याच अंतरात पातळी झपाट्याने उतरते आहे. वर येणाऱ्या पाण्याच्या बाबतीत पातळीचा हा उतार (पातळीतली घट भागिले अंतर) एकाच्या आसपास पोचला की मातीचे कण उचलले जाऊ लागतात. आणि पायथ्याशी पातळी सर्वांत कमी असल्याने चित्रातली ही जागा बहुधा निळी असते.