खोडव्याचीही निगा लागते



आपल्याकडच्या कित्येक घरांतला एक तरी माणूस कळंबोलीस आहे. मुंबईचा लोखंड बाजार पनवेलजवळ कळंबोलीस हलला आणि त्याच्या पाठोपाठ सातारा-सांगलीकडचा माथाडीही तिकडे गेला. कै. अण्णासाहेब पाटलांनी या कष्टकऱ्यांची संघटना बांधली, १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यामुळे पोटापाण्याला स्थैर्य आले. त्यातली बरीच मंडळी आता साठी ओलांडून घरी बसली आहेत. शिवाय शेती धाकट्याच्या हवाली करून थोरल्याकडे राहायला गेलेले आपले वयस्क सभासदही पुष्कळ. हा लेख या दोघांसाठी, आणि खरे म्हणजे त्यांच्या मुला-सुनांसाठीही.

व्यायामाचे नाव काढले की ही मंडळी एकच सवाल टाकतात, “जन्मभर लोखंड उचललं, आता आणखी कसला व्यायाम?” सवाल रास्त आहे. पण ओझ्याने अंग कमावले तसे कंबर आणि गुडघे झिजवलेही. आणि कमावलेली ताकद काही बँकेतल्या ठेवीसारखी राहत नाही. अंग हलायचे थांबले की ती महिन्या-दोन महिन्यांत उतरू लागते.

गावाकडे म्हातारा माणूस नकळत हलत असतो. गोठा झाला, बांध झाला, पारावर गेला, देवळात गेला. कळंबोलीस दोन खोल्या, टीव्ही आणि खिडकी. सून म्हणते, “मामा, तुम्ही बसा, मी आणते.” मुलगा म्हणतो, “आबा, पिशवी तुमच्या हातात दिसली तर लोक काय म्हणतील?” हे सगळे मायेपोटीच. पण या मायेने वर्षभरात माणूस खुर्चीला चिकटतो. मग एके दिवशी मोरीत पाय घसरतो, खुबा मोडतो. पुढचे काय ते ज्यांच्या घरात घडले त्यांना सांगायला नको. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, आबांच्या हातून पिशवी काढून घेऊ नये.

याला शास्त्राचा आधार आहे. लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची पाहणी डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. नोकरी एकाच गाडीवर, पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर जिना चढ-उतार करणारा. हृदयविकार कंडक्टरांत कमी निघाला. पुढे १९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायाला वजन लावून व्यायाम करवला. एकाने मध्येच सोडला, बाकीच्यांच्या पायांतली ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली. नव्वदीत! मग पासष्टीचे आबा कशाला कचरतात?

आपल्या भाषेत सांगायचे तर हा खोडवा आहे. लागणीला सगळे जपतात, खोडव्याकडे दुर्लक्ष करतात आणि उतारा पडला नाही म्हणून कुरकुरतात. ज्याने बुडखे छाटले, वेळेवर खत-पाणी दिले, त्याचा खोडवाही वजन देतो.

लांब कशाला जायचे, साताऱ्याकडच्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानात सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. त्यांचे त्या विषयावरचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनला निघाले तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. मात्र इथे एक इशारा. तरुणपणी तालमीत घुमलेला गडी साठीनंतर एकदम शंभर बैठका मारायला जातो आणि आठवडाभर लंगडतो. तसे करू नये.

सुरुवात दहा मिनिटे चालण्याने करावी. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत चाल असावी. दर आठवड्याला थोडे वाढवत रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, इतके झाले की पुरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेली आठवड्याची दीडशे मिनिटे यातच भागतात. दहा हजार पावलांचा जो बोलबाला आहे, तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजायचे यंत्र विकताना पुढे आला. त्याची धास्ती नको. चालण्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे पायांचे बळ आणि तोल. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे. ओट्याला धरून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहावे, मग दुसऱ्या पायावर. हे आठवड्यातून तीन दिवस तरी व्हावे.

कळंबोलीत लोखंड बाजाराकडचा आणि हमरस्त्याचा भाग टाळावा. तिथे ट्रेलर आणि धूळ फार. सेक्टरच्या आतले रस्ते आणि बागा सकाळी बऱ्या. पावसाळ्यात तिकडे चार महिने धो-धो असतो, तेव्हा व्हरांड्यात फेऱ्या माराव्यात. गुडघे साथ देत असतील तर कठडा धरून एक-दोन मजले जिना चढावा.

बायकांचे एक वेगळेच. “दिवसभर घरात राबते, तेच चालणं,” असे काकू-मावशा म्हणतात. पण ओट्यापुढे उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे. शिवाय लुगड्यावर कॅनव्हासचे बूट घालायची लाज. दोघी-तिघी मिळून निघाल्या तर लाज जाते. वारीला अडीचशे किलोमीटर चालताना कोण लाजते?

साखर कारखान्याच्या अंकात मधुमेहावर लिहायचे म्हणजे थट्टेचा विषय, पण लिहितो. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालल्याने रक्तातली साखर आटोक्यात राहायला मदत होते. इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, खिशात साखरेची पुडी ठेवावी, अनवाणी चालू नये आणि रात्री तळपाय न्याहाळावेत. चालताना छातीत दुखले, दम लागला किंवा चक्कर आली तर तिथेच बसावे, सोबत्याला हाक मारावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरी न सांगता दुखणे अंगावर काढण्याची आपल्याकडे जी खोड आहे, ती इथे कामाची नाही.