तुरुंगातलं शिक्षण : सवलत की हक्क?

'तुरुंग आणि शिक्षण' असा विषय जाहीर झाला, तेव्हा दोन-तीन परिचितांचे फोन आले. एकाने विचारलं, "सर, टिळक आणि गीतारहस्य का?" मराठी माणसाच्या मनात तुरुंग आणि पुस्तक ही जोडी अशीच बसलेली आहे. टिळकांनी गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगात लिहिलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. त्यातून 'गीता प्रवचने' तयार झाली. पुढच्या वर्षी साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. (तुम्ही आज माझं हे बोलणं लिखित रूपात वाचता आहात. बोललेलं कुणीतरी नीट लिहून घ्यावं, याचा आपल्याकडचा एक उत्तम नमुना तुरुंगातच तयार झाला, हे सहज आठवलं.)

पण मला आज या मंडळींबद्दल बोलायचं नाही. ही माणसं आत जातानाच शिकलेली होती. इंग्रज सरकारने कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग पाडले, तेही शिक्षण, सामाजिक दर्जा आणि राहणीमान पाहून. ज्याच्याकडे बाहेर पुस्तकं होती त्याला आतही मिळण्याची शक्यता जास्त. पाकीटमार, गावच्या भांडणात कुऱ्हाड उचललेला शेतमजूर, दारूच्या धंद्यात सापडलेली बाई हे सगळे 'क' वर्गात. माझा प्रश्न त्यांच्याबद्दल आहे. त्यांना शिकवायचं का, आणि शिकवायचं तर कशासाठी?

आधी थोडी वस्तुस्थिती. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. २०२२ अखेर देशात सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं तुरुंगात होती. त्यांतले जवळजवळ ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. आपल्याकडे कारागृहाच्या भाषेत त्यांना न्यायाधीन बंदी म्हणतात आणि शिक्षा झालेल्याला सिद्धदोष बंदी. हा ७६चा आकडा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे. दुसरी गोष्ट, दर चार कैद्यांमागे साधारण एक निरक्षर असतो.

निरक्षर कैदी म्हणजे काय, ते जरा डोळ्यांसमोर आणा. त्याच्यावरचं आरोपपत्र त्याला वाचता येत नाही. वकिलाने पुढे केलेल्या कागदावर तो अंगठा उठवतो. घरून पत्र आलं तर ते बराकीतल्या दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. बायकोने जे फक्त त्याला लिहिलं, किंवा तिनेही दुसऱ्याकडून लिहून घेतलं, ते सगळी बराक ऐकते. निवृत्तीनंतर काही वर्षं मी एका कारागृहात शिकवायला जात होतो. तिथे पन्नाशीतले एक गृहस्थ प्रौढ साक्षरतेच्या वर्गाला येत. त्यांना पहिल्यांदा काय वाचायचं होतं, ठाऊक आहे? भिंतीवर लावलेल्या कोर्टाच्या तारखांच्या यादीतलं स्वतःचं नाव. पोथी नाही, वर्तमानपत्र नाही. हा वर्ग घेत कोण, तर त्यांच्याच बराकीतला बारावी झालेला एक मुलगा. मी तर फक्त मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी जात होतो. आपल्या तुरुंगांत साक्षरतेचं बरंचसं काम असं कैदीच कैद्यांसाठी करतात. तिहारमध्ये याच पद्धतीला 'पढो और पढाओ' असं नाव आहे.

पदवीच्या पातळीवर मुख्य आधार मुक्त विद्यापीठांचा. आपल्याकडे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि दिल्लीचं इग्नू. इग्नूने कैद्यांना शुल्क माफ केलेलं आहे. पुस्तकं छापील येतात आणि परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. ही व्यवस्था तुरुंगाला सोयीची, कारण विद्यार्थ्याने कुठे जायचं नसतं. पण गेल्या काही वर्षांत बाहेरचं दूरशिक्षण झपाट्याने मोबाइलवर गेलं, आणि आत मोबाइल हा गुन्हा. त्यामुळे बाहेरचा विद्यार्थी जे दोन मिनिटांत शोधतो, ते आतल्याला पुढच्या संपर्कवर्गापर्यंत वहीत लिहून ठेवावं लागतं. माझ्याकडे असे प्रश्नांचे कागद साचत. एकदा 'कार्यकारणभाव म्हणजे नशीब का?' असा प्रश्न आला. चाळीस वर्षांच्या नोकरीत वर्गात इतका सरळ प्रश्न क्वचितच कुणी विचारला असेल.

आता मूळ प्रश्न. याचं समर्थन कसं करायचं?

सरकारला आणि देणगीदाराला पटणारं उत्तर म्हणजे फायद्याचं. शिकलेला कैदी परत तुरुंगात येत नाही, म्हणून पैसे वाचतात. याला पुरावा आहे. अमेरिकेतल्या रँड संस्थेने २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा आत येण्याची संभाव्यता न घेतलेल्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी दिसली. इथे संभाव्यता म्हणजे सट्ट्यातल्यासारखं गुणोत्तर. साध्या टक्केवारीत हा फरक सुमारे १३ अंकांचा आहे. शिक्षणावरच्या एका डॉलरमागे पहिल्या तीन वर्षांत तुरुंगखर्चाचे चार-पाच डॉलर वाचतात, असाही त्यांचा हिशेब होता. आता यावर शंका घेता येते. जो स्वतःहून वर्गाला येतो तो आधीच बदलायला तयार असतो, मग श्रेय शिक्षणाचं की त्याच्या मनाचं? रँडच्या लोकांनी अभ्यासांची प्रतवारी करून या शंकेचा विचार केला होता. मला निष्कर्ष साधारण मान्य आहे.

तरीही हे उत्तर अपुरं आहे, असं माझं म्हणणं आहे. समजा, सत्तर वर्षांचा जन्मठेपेचा कैदी आहे. तो बाहेर येऊन गुन्हा करेल ही शक्यता जवळजवळ नाही. नोकरी तर तो करणारच नाही. फायद्याच्या हिशेबाने त्याला अक्षरं शिकवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. हे तुम्हाला पटतं का? प्लेटोने सॉक्रेटिसचे शेवटचे दिवस लिहिले आहेत. देहदंड ठरलेला आहे, विषाचा प्याला यायचा आहे, आणि हा माणूस कोठडीत बसून इसापच्या गोष्टींना पद्यरूप देतो आहे. आयुष्यात पूर्वी कधी न केलेली गोष्ट! त्याचा फायदा कुणाला, असा प्रश्नच तिथे उद्भवत नाही.

कांट शिक्षेच्या बाबतीत फार कठोर होता, हे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. खुन्याला मृत्युदंडच हवा, असं म्हणणारा. पण त्याच कांटने हेही बजावलं की गुन्हेगाराला केवळ दुसऱ्याच्या हेतूचं साधन करता येणार नाही. शिक्षा द्यायची ती त्याने गुन्हा केला म्हणून, समाजाला त्यातून काही मिळवायचं म्हणून नव्हे. हा युक्तिवाद मी थोडा पुढे नेतो. 'आमचे पैसे वाचावेत म्हणून तुला शिकवतो' असं म्हणताना आपण त्याला साधनच करत असतो, फक्त जरा प्रेमाने.

आपल्या न्यायालयांनी दुसरी वाट धरलेली आहे, आणि त्यातला एक खटला मराठी माणसाला माहीत असायला हवा. प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी अणूच्या अंतरंगावर मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. राजकारणाचा त्यात संबंध नाही. छापण्यासाठी ते बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला. उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. तर्क साधा होता. स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक लिहून बाहेर पाठवायला मनाई नव्हती, म्हणून ते स्वातंत्र्य त्यांच्याकडे शिल्लकच होतं. पुढे १९७४च्या भुवन मोहन पटनाईक आणि १९७८च्या सुनील बत्रा या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने व्यापक तत्त्व मांडलं : शिक्षेने जे अपरिहार्यपणे जातं तेवढंच जातं, बाकीचे हक्क माणसासोबत आत येतात. संयुक्त राष्ट्रांचे २०१५चे मंडेला नियमही निरक्षर आणि तरुण कैद्यांचं शिक्षण सक्तीचं मानतात.

आता तुम्ही मनात धरलेला आक्षेप मी ओळखतो, कारण तो माझ्या घरातही निघतो. 'माझ्या मुलाची फी भरताना माझी कंबर मोडली, आणि खुनी माणसाला पदवी फुकट?' हा राग खोटा नाही. १९९४ साली अमेरिकेत हाच राग कायद्यात उतरला आणि कैद्यांना मिळणारं पेल अनुदान बंद झालं. गंमत बघा, कैद्यांकडे जाणारी रक्कम एकूण पेल अनुदानाच्या एक टक्क्याहूनही कमी होती. शिवाय हे अनुदान पात्रतेवर मिळतं, म्हणजे कैद्याला मिळालं म्हणून बाहेरच्या कुणाचं कमी होत नव्हतं. प्रामाणिक गरिबाच्या मुलाच्या पदरात काहीच पडलं नाही, आणि तुरुंगातली महाविद्यालयं मात्र पटापट बंद पडली. ते अनुदान पुन्हा सुरू व्हायला जुलै २०२३ उजाडला. मधल्या काळात खाजगी देणग्यांवर चाललेल्या बार्ड कॉलेजच्या तुरुंगातल्या वादविवाद संघाने २०१५ साली हार्वर्डच्या संघाला हरवलं, त्याची बातमी तुम्ही वाचली असेल. बाहेरची फी महाग आहे, ही तक्रार बाहेरच सोडवायला हवी. आतला वर्ग बंद करून ती सुटत नाही.

ज्यांच्या घरातलं माणूस मारलं गेलं, त्यांचा आक्षेप वेगळा आहे आणि त्याला मी इतक्या झटकन उत्तर देणार नाही. शिक्षण म्हणजे क्षमा नव्हे, एवढं मात्र म्हणता येतं. क्षमा करणं हा त्यांचा अधिकार, तो विद्यापीठाकडे नाही. पण परीक्षा पास झाल्याबद्दल शिक्षेत माफी मिळते, तिथे त्यांना टोचलं तर ते समजू शकतं.

या माफीबद्दल थोडं बोलायला हवं. महाराष्ट्रातही पदवी मिळवणाऱ्या बंद्यांना विशेष माफी दिली जाते. ब्राझीलमध्ये याचा चोख हिशेब आहे : बारा तास अभ्यासाला एक दिवस कमी. पुस्तक वाचून त्यावर लिहिलं तर चार दिवस, वर्षाला जास्तीत जास्त बारा पुस्तकं, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस. काही विद्वान यावर नाक मुरडतात, की हे ज्ञानासाठी ज्ञान झालं नाही. मी त्यांना विचारतो, बाहेर कोण शिकतो ज्ञानासाठी? माझ्या वर्गात निम्मी मुलं दुसऱ्या विषयात जागा भरल्या म्हणून तत्त्वज्ञानाला आलेली असत, आणि त्यांतलीच दोन-चार पुढे त्यात रमत. हेतू काहीही असो, पुस्तक उघडल्यावर ते आपलं काम करतं.

माझी अडचण दुसरीकडे आहे, आणि इथे तो ७६चा आकडा परत येतो. माफी कशात द्यायची? शिक्षेत. ज्याला शिक्षाच झालेली नाही त्याला माफी कुठून मिळणार? अभ्यासक्रम तीन वर्षांचा, आणि कच्च्या कैद्याला जामीन उद्या मिळेल की चार वर्षांनी, कुणी सांगू शकत नाही. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी त्याला कुणी आग्रह करत नाही, आणि त्यालाही वाटतं की नाव नोंदवणं म्हणजे आपण इथे राहणार हे कबूल करणं. मला एका मुलाने असंच सांगितलं होतं. "फॉर्म भरला की जामीन होत नाही, सर." अंधश्रद्धा म्हणा, पण त्यात तर्क आहे. परिणाम असा, की कायद्याने ज्याला निर्दोष मानायचं, त्याच्यापर्यंत शिक्षण सर्वांत कमी पोहोचतं, आणि दोष सिद्ध झालेल्याची सोय त्या मानाने बरी. आपल्या सगळ्या योजना लांब शिक्षेचा कैदी समोर ठेवून आखल्या आहेत. बहुसंख्य कैदी तसे नाहीत.

कच्च्या कैद्यासाठी तुकड्यातुकड्यांचं शिक्षण हवं. दोन-तीन महिन्यांत पुरं होणारं, ज्याचे गुण मुक्त विद्यापीठाच्या खात्यात जमा राहतील. शिवाय स्वतःचा खटला समजेल इतका कायदा आणि त्याला लागेल इतकं वाचन. नॉर्वेत तुरुंगातले शिक्षक तुरुंगखात्याचे नसतात, गावातल्या शिक्षणव्यवस्थेचे असतात. त्यामुळे सुटलेल्या माणसाला शाळा बदलल्यासारखं वाटत नाही. आपल्याकडे सुटका हीच शिक्षणातली मोठी गळती ठरते.

माझ्या वर्गातल्या एकाला दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या तीन आठवडे आधी जामीन झाला. आनंदाचीच गोष्ट. पण त्याचं परीक्षा केंद्र होतं कारागृह. ज्या दारातून नुकता बाहेर पडला, तिथे पेपर लिहायला परत कोण जाईल? केंद्र बदलण्याचा अर्ज करता येतो, मुदत असते, ओळखपत्र लागतं. त्याचं ओळखपत्र खटल्याच्या कागदांत अडकलेलं. त्याने ते वर्ष सोडलं. त्या अर्जाला एका सुशिक्षित माणसाची एक दुपार लागली असती. तुमच्यापैकी जे जिल्ह्याच्या गावी राहतात, त्यांनी जवळच्या मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात जाऊन एवढंच विचारावं, की कारागृहातून सुटलेल्या विद्यार्थ्यांचे अर्ज तुमच्याकडे येतात का, आणि ते भरून द्यायला कुणी असतं का.