रायफल मापाची हवी!

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं. त्या स्पर्धेत गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून अशा तिन्ही प्रकारे नेम धरावा लागतो. गंमत म्हणजे पोझिशन बदलली की खेळाडू त्याच रायफलचं सेटिंगही बदलतात. म्हणजे अंगाची ठेवण आधी, रायफल नंतर! नेमबाजीत उतरायचं असेल तर एवढं सूत्र पुरे.

सुरुवात 10 मीटरच्या एअर रायफल किंवा एअर पिस्तूलने करावी. दोन्हींचा छर्रा 4.5 मिमीचा. पिस्तूल एकाच हाताने धरायचं, वजन जास्तीत जास्त दीड किलो, आणि त्याचा चाप किमान 500 ग्रॅमचा हवा. रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, चापाला वजनाची अट नाही; पण जॅकेट, पँट, बूट यांचा खर्च वेगळा. रेंजवरची दोन्ही हत्यारं महिनाभर वापरून मगच काय ते ठरवा.

रायफलीतही दोन जाती. स्प्रिंगची स्वस्त, पण तिचा पिस्टन पुढे धडकतो आणि छर्रा नळीबाहेर पडायच्या आतच रायफल हलते. दुसरीत सुमारे 200 बार दाबाची हवा सिलिंडरमध्ये आधीच भरलेली असते. धक्का जवळजवळ नाहीच. स्पर्धेत हीच दिसते. जुनी घेणार असाल तर सिलिंडरवरची तारीख आधी वाचा.

आता थोडं गणित (घाबरू नका, एम-थ्री नाही!). 10 गुणांचं वर्तुळ अर्ध्या मिमीचं. छर्र्याची कड त्याला नुसती लागली तरी 10 मिळतात, म्हणजे छर्र्याचा मध्य 2.5 मिमीपर्यंत सरकला तरी चालतो. पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर साधारण 80 सेमी धरा. मागच्या भोकातून पुढचं कडं मध्यापासून 0.2 मिमी सरकलेलं दिसलं, तर 10 मीटरवर ती चूक साडेबारापट होते. म्हणजे बरोबर 2.5 मिमी. त्याहून केसभर जास्त झालं की दहा गेले! म्हणून डोळा दर वेळी त्याच जागी आला पाहिजे, आणि तोही मान न ताणता.

सेटिंगचा क्रम असा :

1. आधी उभं राहण्याची पद्धत कोचकडून पक्की करून घ्या.

2. दस्त्याची लांबी आणि खांद्याला टेकणाऱ्या प्लेटची उंची अशी ठेवा की डोकं सरळ राहील.

3. डोळे मिटून गाल टेकवा, मग उघडा. कडं मधोमध दिसलं नाही तर गाल टेकायची पट्टी सरकवा, मान नव्हे.

4. पुन्हा डोळे मिटा, श्वास सोडा, उघडा. नेम बाजूला गेला असेल तर पाय सरकवा. हाताने ओढून आणलेला नेम चाप दाबताना परत जातो.

5. बोट सरळ मागे येईल अशा बेताने चाप पुढे-मागे करा.

6. साइट सगळ्यात शेवटी. पाच छर्रे मारा. विखुरले तर साइटला हात लावू नका, वरचे मुद्दे पुन्हा तपासा. एका जागी पण बाजूला पडले, तरच साइट फिरवा.

एका वेळी एकच बदल करायचा आणि वहीत लिहायचा. इथे शेजाऱ्याच्या जर्नलमधली रीडिंग्ज उतरवून उपयोग नाही. त्याची मान आणि तुमची मान वेगळी!

आणि हो, एअर रायफल खेळणं नव्हे. नळी कायम टार्गेटकडे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि हॉस्टेलच्या खोलीत ती आणायची नाही. रेंजवरच ठेवायची. स्पर्धेची चांगली रायफल लाखाच्या पुढे जाते. घरी एवढे पैसे मागण्याआधी रेंजच्या रायफलवर वहीची पंचवीस-तीस पानं भरू द्या. मग दुकानात गेलात की काय बघायचं ते तुम्हाला ठाऊक असेल, आणि दुकानदाराला तुम्हाला काहीही गळ्यात मारता येणार नाही.