नाट्यशब्दांची भिंत बोलकी कशी होईल?

भोपाळच्या हबीबगंज रेल्वे स्थानकाला नोव्हेंबर २०२१ मध्ये राणी कमलापती यांचे नाव देण्यात आले. फलक बदलले, अनेकांच्या बोलण्यातले हबीबगंज मात्र तसेच राहिले. फलकावरचा शब्द आपोआप तोंडी येत नाही. नाट्यवर्गातील शब्दभिंतीपुढची अडचणही नेमकी हीच आहे.

शब्दभिंत म्हणजे शिकवायचे शब्द ठळक अक्षरांत लिहून वर्गात सर्वांना दिसतील असे लावणे. अमेरिकेतील वाचन-शिक्षणाच्या अभ्यासक पॅट्रिशिया कनिंगहॅम यांच्या लेखनामुळे ही पद्धत प्राथमिक वर्गांत रुजली. आठवड्याला पाचच नवे शब्द आणि त्यांचा रोज सराव, असा त्यांचा आग्रह. आपल्याकडे ‘बोलक्या भिंती’ रंगवून झाल्या की बहुधा काम संपते.

भोपाळमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलाला नाटकाचे शब्द दोन भाषांतून भेटतात आणि चकवतात. मराठीत नाटकाची ‘तालीम’ होते. हिंदीत तालीम म्हणजे शिक्षण, नाटकाच्या सरावाला तिथे ‘पूर्वाभ्यास’ म्हणतात. मराठीतला ‘प्रयोग’ हिंदीत ‘मंचन’ होतो, अंकातला ‘प्रवेश’ ‘दृश्य’ होतो. सर्वांत फसवा शब्द ‘नेपथ्य’. संस्कृत नाटकात ती पडद्यामागची, नटांनी वेश करण्याची जागा. हिंदी नाटकात ‘नेपथ्य से’ असे लिहिले की आवाज आतून येतो. मराठी नाटकाच्या जाहिरातीतील नेपथ्यकार मात्र रंगमंचावरचे दृश्य उभे करतो. न दिसणाऱ्या जागेचा शब्द दिसणाऱ्या गोष्टीला चिकटला! एक शब्द, एक अर्थ अशा कार्डावर हे मावणार कसे?

त्यासाठी कार्ड भिंतीवरून काढून कामाच्या जागी न्यावे लागते. ‘नेपथ्य’ हे कार्ड आधी विंगेत धरावे आणि मुलाने तिथून एक वाक्य बोलावे. मग तेच कार्ड मागच्या रंगवलेल्या पडद्यावर लावावे. ‘स्वगत’ आणि ‘जनान्तिक’ यांतील फरकही व्याख्येने कळत नाही. एकाने स्वतःशीच बोलावे, दुसऱ्याने हाताचा आडोसा करून एकालाच सांगावे आणि बाकीच्यांनी ऐकू न आल्याचा अभिनय करावा. फरक लगेच दिसतो.

भोपाळचे भारत भवन आणि पणजीची कला अकादमी या दोन्ही वास्तू चार्ल्स कोरिया यांच्या. शब्दांचा पेचही दोन्हीकडे सारखाच. तियात्र पाहत वाढलेल्या गोमंतकीय मुलाला ‘पडदो’ म्हणजे नाटकाचा भाग. मराठी नाट्यवर्गात ‘पडदा’ म्हणजे कापड. देवळाच्या उत्सवात मराठी नाटक करणारी हीच मुले घरी कोकणी बोलतात. त्यांचा शब्द चुकीचा ठरवून खोडण्यापेक्षा दोन्ही अर्थ शेजारी लावणे शहाणपणाचे. अन्यथा मूल दोन्ही शब्द सोडून ‘सीन’ आणि ‘कर्टन’वर येते, आणि तसे होऊही लागले आहे.

रंगीत तालमीच्या दिवशी भिंत रिकामी करावी. सूचना देताना मुले कोणते शब्द वापरतात ते शिक्षकाने टिपून घ्यावे. जे शब्द ऐकू आले नाहीत, त्यांची कार्डे पुढच्या नाटकाच्या वेळी पुन्हा लावावीत.